बारावीला इंटिग्रेशन जमत होतं, बीएस्सीला अडतंय. अभ्यास नेमका कसा करावा?

अर्धवर्तुळ

नमस्कार मंडळी. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि या सत्रात समाकलनाचा (इंटिग्रेशनचा) पेपर आहे. बारावीची सूत्रं पाठ आहेत. सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स या पद्धती सुट्या सुट्या येतात. पण इथे उदाहरणं मिसळून येतात, ती कुठल्या धड्यातली हे वर लिहिलेलं नसतं, आणि पहिली पाच मिनिटं कुठली पद्धत लावायची या विचारातच जातात.

दुसरी अडचण डेफिनिट इंटिग्रलची. इंटिग्रेशन बरोबर असतं, लिमिट्स घातल्या की उत्तर चुकतं. तिसरी घनफळाची: डिस्क, वॉशर, शेल यांतलं कधी काय घ्यायचं? आणि वर्गात सुरुवातीलाच अप्पर सम, लोअर सम (पट्ट्यांची वरून आणि खालून घेतलेली बेरीज) बरेच तास चाललं, त्याचा प्रत्यक्ष गणितं सोडवताना उपयोग काय?

परीक्षेला दहा आठवडे आहेत, रोज दीड तास देता येईल. (टायपिंगसाठी: एक्स^२ म्हणजे एक्सचा वर्ग, लॉग म्हणजे ई पायाचा लॉग.)

शेषपद

पद्धत छेदाच्या रूपावरून ओळखायला गेलात तर फसाल. खालची पाच गणितं वहीत एकाखाली एक उतरवून घ्या. पहिल्या चारांत छेद तोच आहे, फक्त अंश बदलतो.

∫ एक्स / (एक्स^२ + ४) डीएक्स = (१/२) लॉग(एक्स^२ + ४) + सी

∫ १ / (एक्स^२ + ४) डीएक्स = (१/२) टॅन-इन्व्हर्स(एक्स/२) + सी

∫ एक्स^२ / (एक्स^२ + ४) डीएक्स = एक्स − २ टॅन-इन्व्हर्स(एक्स/२) + सी

∫ एक्स^३ / (एक्स^२ + ४) डीएक्स = (एक्स^२)/२ − २ लॉग(एक्स^२ + ४) + सी

∫ १ / (एक्स^२ − ४) डीएक्स = (१/४) लॉग|(एक्स − २)/(एक्स + २)| + सी

पहिल्यात छेदाचा डेरिव्हेटिव्ह २एक्स, आणि अंशात एक्स तयार आहे, म्हणून सब्स्टिट्यूशन. दुसऱ्यात अंशात एक्स नाही, त्यामुळे तेच सब्स्टिट्यूशन लावलं तर डीएक्सच्या जागी डीयू/(२एक्स) येऊन एक्स उरतो. तिथे थांबायचं, ओढून नेत बसायचं नाही. तिसऱ्यात अंशाचा घात छेदाइतका आहे, म्हणून आधी भागाकार: एक्स^२ = (एक्स^२ + ४) − ४. चौथ्यातही भागाकारच, पण बाकी −४एक्स उरते, म्हणून उत्तरात टॅन-इन्व्हर्स न येता लॉग येतो. पाचव्यात चिन्ह फिरलं, छेदाचे अवयव पडले, म्हणून पार्शल फ्रॅक्शन्स. ही पाच ओळींची मांडणी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी असं का, हे स्वतःच्या शब्दांत शेजारी लिहा. पद्धत निवडणं म्हणतात ते एवढंच आहे.

गणित समोर आलं की मी सुचवेन तो क्रम असा. आधी बीजगणित: कंस सोडवून, भागाकार करून, पूर्ण वर्ग करून किंवा साइन-वर्ग = (१ − कॉस २एक्स)/२ असं लिहून काम होतंय का ते पाहा. मग आत एखादं फलन आणि बाहेर त्याचाच डेरिव्हेटिव्ह (स्थिरांकाच्या फरकाने) दिसतोय का ते पाहा. तो नसेल आणि दोन वेगळ्या जातीच्या फलनांचा गुणाकार असेल, तर बाय पार्ट्स. √(ए^२ − एक्स^२) सारखी मुळं आली आणि बाहेर एक्स सुटा नसेल, तरच ट्रिग सब्स्टिट्यूशन. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण ∫ एक्स √(९ − एक्स^२) डीएक्स ला एक्स = ३ साइन थीटा घेऊन अर्धं पान भरणारे पुष्कळ असतात. यू = ९ − एक्स^२ घेतलं की दोन ओळीत −(१/३)(९ − एक्स^२)^(३/२) + सी येतं.

बाय पार्ट्समध्ये यू कुठलं घ्यायचं यासाठी लिएट हा क्रम (लॉग, इन्व्हर्स, अल्जेब्राइक, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल) शिकवतात. १९८३ साली हर्बर्ट कासुबे यांनी 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'मध्ये मांडलेली ही युक्ती बहुतेक ठिकाणी चालते. पण ∫ एक्स^३ ई^(एक्स^२) डीएक्स घ्या. लिएटप्रमाणे यू = एक्स^३ घेतलं तर उरलेल्या ई^(एक्स^२) चं इंटिग्रेशन प्राथमिक फलनांत होतच नाही, आणि गाडं तिथेच रुततं. इथे यू = एक्स^२ आणि डीव्ही = एक्स ई^(एक्स^२) डीएक्स अशी फोड करायची, म्हणजे व्ही = (१/२) ई^(एक्स^२), आणि उत्तर (१/२)(एक्स^२ − १) ई^(एक्स^२) + सी. खरी कसोटी ही, की डीव्ही म्हणून जे घ्याल त्याचं इंटिग्रेशन तुम्हाला आत्ता, या क्षणी करता आलं पाहिजे.

∫ ई^एक्स साइन एक्स डीएक्स सारख्यात दोनदा बाय पार्ट्स करून मूळ इंटिग्रल परत येतं. दोन्ही वेळा यू म्हणून एकाच जातीचं फलन घ्या. पहिल्यांदा साइन आणि दुसऱ्यांदा ई^एक्स घेतलं, तर केलेलं सगळं उलटं फिरून ० = ० हाती येतं.

पार्शल फ्रॅक्शन्समध्ये बहुतेक चुका मांडणीतच होतात. १ / (एक्स (एक्स − १)^२) ला तीन पदं लागतात: एक्स, (एक्स − १) आणि (एक्स − १)^२ या तिन्ही छेदांची. दोनच मांडली तर समीकरणं जुळतच नाहीत. बरोबर फोड १/एक्स − १/(एक्स − १) + १/(एक्स − १)^२ अशी आहे. एक्स = २ घालून ताळा घ्या: डावीकडे १/२, उजवीकडे १/२ − १ + १ = १/२.

ताळ्याचंच सांगतो. इंटिग्रेशन हा गणितातला असा भाग आहे, की उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकामागे न बघता स्वतःला कळू शकतं. डेरिव्हेटिव्ह काढा, मूळ फलन परत यायला हवं. पूर्ण डेरिव्हेटिव्ह काढायला वेळ नसेल तर एकाच सोयीच्या किमतीला तपासा.

त्रिज्या

डेफिनिट इंटिग्रलबद्दल लिहिते. लिमिट्स घातल्या की उत्तर चुकतं, त्याची चार ठरावीक ठिकाणं आहेत.

पहिलं, यू घेतला पण लिमिट्स एक्सच्याच ठेवल्या. ∫ [० ते २] एक्स/(एक्स^२ + १)^२ डीएक्स. यू = एक्स^२ + १, म्हणून एक्स = ० ला यू = १ आणि एक्स = २ ला यू = ५. उत्तर (१/२)(१ − १/५) = २/५. लिमिट्स ० ते २ तशाच ठेवल्या तर १/यू मध्ये शून्याने भागाकार येतो. इथे चूक लगेच दिसते, पण बहुतेक गणितांत ती दिसत नाही, नुसतं चुकीचं उत्तर मिळतं. म्हणून सब्स्टिट्यूशनच्या त्याच ओळीत नव्या लिमिट्स लिहायच्या, नंतर लिहू म्हणायचं नाही.

दुसरं, वर्गमूळ काढताना मापांक विसरणं. ∫ [० ते π/२] √(१ − साइन २एक्स) डीएक्स मध्ये आतलं (साइन एक्स − कॉस एक्स) चा वर्ग आहे. मूळ काढून नुसतं कॉस एक्स − साइन एक्स लिहिलं तर उत्तर शून्य येतं. वर्गमुळाखालचं फलन सतत धन किंवा शून्य असताना क्षेत्रफळ शून्य कसं येईल? π/४ ला चिन्ह बदलतं, तिथे तुकडे पाडा. बरोबर उत्तर २√२ − २.

तिसरं, जे सब्स्टिट्यूशन एकास-एक नाही ते. ∫ [−१ ते १] एक्स^२ डीएक्स ला यू = एक्स^२ घेतलं की दोन्ही लिमिट्स १, म्हणजे उत्तर शून्य. खरं उत्तर २/३. डाव्या अर्ध्यात एक्स = −√यू आहे आणि उजव्यात +√यू, हे एका ओळीत मिसळलं गेलं. हेच दुखणं जास्त छुप्या रूपात टी = टॅन(एक्स/२) मध्ये येतं. ∫ [० ते २π] डीएक्स/(२ + कॉस एक्स) चं इंटिग्रेशन (२/√३) टॅन-इन्व्हर्स( टॅन(एक्स/२)/√३ ) येतं. सूत्र बरोबर आहे, पण ० आणि २π दोन्हीकडे ते शून्य होतं. कारण एक्स = π ला टॅन(एक्स/२) अनंताकडे जातो आणि हे फलन तिथे उडी मारतं. ० ते π आणि π ते २π असे दोन भाग करा, प्रत्येकी π/√३, एकूण २π/√३.

चौथं, मध्येच फलन फुटतं ते न बघणं. ∫ [−१ ते १] डीएक्स/एक्स^२. डोळे झाकून −१/एक्स मध्ये लिमिट्स घातल्या की −२ येतं. धन फलनाचं क्षेत्रफळ ऋण! शून्यापाशी फलन अमर्याद आहे, हे इम्प्रॉपर इंटिग्रल आहे आणि ते डायव्हर्ज होतं, म्हणजे उत्तर मर्यादित येत नाही. म्हणून लिमिट्स घालण्याआधी छेद कुठे शून्य होतो आणि लॉगच्या आत काय येतं हे बघायची सवय लावा.

इम्प्रॉपरला दोन गोष्टी पक्क्या असू द्या. १/एक्स^पी हे १ ते ∞ वर पी > १ असेल तरच कन्व्हर्ज होतं, आणि ० ते १ वर पी < १ असेल तरच. दोन्हींत दिशा उलट आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. १/√एक्स शून्यापाशी चालतं (उत्तर २), अनंताकडे चालत नाही. याचं देखणं उदाहरण म्हणजे टॉरिचेल्ली यांनी सतराव्या शतकात दाखवलेलं शिंग: वाय = १/एक्स हा वक्र एक्स = १ पासून पुढे एक्स-अक्षाभोवती फिरवा. घनफळ π∫ १/एक्स^२ = π, मर्यादित. पृष्ठफळ मात्र २π∫ १/एक्स पेक्षा मोठं, म्हणून अमर्याद.

अर्धवर्तुळ

शेषपद सर, त्रिज्याताई, मनापासून आभार. पाच गणितांची मांडणी करून पाहिली, बाकीवरून लॉग की टॅन-इन्व्हर्स ते ठरतं हे आता कळलं. त्याच धर्तीवर एक सोडवलंय, बघाल का?

∫ (२एक्स + ३)/(एक्स^२ + २एक्स + ५) डीएक्स

छेदाचा डेरिव्हेटिव्ह २एक्स + २, म्हणून अंश = (२एक्स + २) + १. पहिल्या भागाचा लॉग. दुसऱ्या भागात छेद (एक्स + १)^२ + ४. म्हणून उत्तर:

लॉग(एक्स^२ + २एक्स + ५) + टॅन-इन्व्हर्स((एक्स + १)/२) + सी

शेषपद

फोड उत्तम आहे, पूर्ण वर्गही बरोबर. आता एका किमतीचा ताळा घेऊ. एक्स = −१ घ्या, कारण तिथे एक्स + १ शून्य होतो आणि आकडे सोपे पडतात.

मूळ फलन: (−२ + ३)/(१ − २ + ५) = १/४.

तुमच्या उत्तराचा डेरिव्हेटिव्ह: लॉगचा भाग (२एक्स + २)/छेद = ०. टॅन-इन्व्हर्सचा भाग, साखळी नियमाने, १/(१ + ०) गुणिले १/२ = १/२.

१/४ हवं, १/२ आलं. म्हणजे टॅन-इन्व्हर्सच्या पुढे १/२ राहिला. सूत्र (१/ए) टॅन-इन्व्हर्स(एक्स/ए) आहे, इथे ए = २. उत्तर:

लॉग(एक्स^२ + २एक्स + ५) + (१/२) टॅन-इन्व्हर्स((एक्स + १)/२) + सी

हा १/ए विसरणं फार सर्रास घडतं. त्याचं कारण बहुधा हे, की १/√(ए^२ − एक्स^२) च्या साइन-इन्व्हर्सला १/ए लागत नाही आणि दोन सूत्रं डोक्यात एकमेकांत मिसळतात. एककांवरून लक्षात ठेवता येतं: एक्स आणि ए ही लांबी धरा. १/(ए^२ + एक्स^२) गुणिले डीएक्स म्हणजे लांबी भागिले लांबीचा वर्ग, म्हणून उत्तरात १/ए हवाच. १/√(ए^२ − एक्स^२) गुणिले डीएक्स ला एककच उरत नाही, म्हणून पुढे काही नको.

एका किमतीला जुळलं म्हणजे उत्तर शंभर टक्के बरोबर असं नाही, पण न जुळलं तर ते नक्की चूक आहे. जिथे एखादं पद आपोआप शून्य होतं अशी एकच किंमत घेतली तर त्या पदातली चूक लपते, म्हणून जमलं तर दुसरी किंमतही घाला. इथे एक्स = ० ला मूळ फलन ३/५. दुरुस्त उत्तराचा डेरिव्हेटिव्ह २/५ + (१/२)(४/५)(१/२) = २/५ + १/५. जुळलं.

मोजपट्टी

घनफळाकडे वळू. डिस्क की शेल हा प्रश्न आधी विचारूच नकोस. आधी आकृती काढ, त्यात एक बारीक पट्टी काढ, आणि ती अक्षाभोवती फिरवली की काय तयार होतं ते बघ. पट्टी अक्षाला लंब असेल तर चकती होते (मध्ये भोक असेल तर वॉशर), पट्टी अक्षाला समांतर असेल तर पोकळ नळी, म्हणजे शेल. पट्टीची जाडी डीएक्स की डीवाय, त्यावरून इंटिग्रेशनचा चल ठरतो.

वाय = एक्स आणि वाय = एक्स^२ यांच्यामधला ० ते १ चा भाग घे. क्षेत्रफळ १/२ − १/३ = १/६.

एक्स-अक्षाभोवती: उभी पट्टी अक्षाला लंब, वॉशर. बाहेरची त्रिज्या एक्स, आतली एक्स^२.
π∫ [० ते १] (एक्स^२ − एक्स^४) डीएक्स = π(१/३ − १/५) = २π/१५.

इथे नेहमीची चूक π∫ (एक्स − एक्स^२)^२ डीएक्स अशी लिहिण्याची. ते π/३० येतं, खऱ्या उत्तराच्या चौथाई. ते घनफळ दुसऱ्याच वस्तूचं आहे: पट्टी खाली अक्षावर टेकवून फिरवल्यासारखं. वॉशरमध्ये दोन वर्तुळांच्या क्षेत्रफळांची वजाबाकी असते, त्रिज्यांच्या वजाबाकीचा वर्ग नव्हे.

वाय-अक्षाभोवती: तीच उभी पट्टी आता अक्षाला समांतर, म्हणून शेल. त्रिज्या एक्स, उंची एक्स − एक्स^२.
२π∫ [० ते १] एक्स(एक्स − एक्स^२) डीएक्स = २π(१/३ − १/४) = π/६.
आडव्या पट्टीने, वॉशरने: बाहेरची त्रिज्या √वाय, आतली वाय, π∫ [० ते १] (वाय − वाय^२) डीवाय = π/६. दोन्ही रस्त्यांनी तेच आलं पाहिजे.

एक्स = २ या रेषेभोवती: शेलची त्रिज्या २ − एक्स. उंची तीच.
२π∫ [० ते १] (२ − एक्स)(एक्स − एक्स^२) डीएक्स = २π(१ − १ + १/४) = π/२.
त्रिज्या म्हणजे पट्टीपासून अक्षापर्यंतचं अंतर, हे विसरून जागोजाग एक्स लिहिला की गुण गेले.

ताळा इथेही आहे. पॅपसचं प्रमेय: घनफळ = क्षेत्रफळ × केंद्रबिंदूने (क्षेत्राच्या समतोलाच्या बिंदूने) कापलेलं अंतर. एक्स − एक्स^२ हे एक्स = १/२ भोवती सममित आहे, म्हणून केंद्रबिंदू एक्स = १/२ वर. वाय-अक्षापासून अंतर १/२: २π × १/२ × १/६ = π/६. एक्स = २ पासून अंतर ३/२: २π × ३/२ × १/६ = π/२. उत्तरपत्रिकेच्या कडेला दोन ओळीत होतं.

कातळकडा

अप्पर सम, लोअर समबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोजपट्टी यांनी जी 'बारीक पट्टी' सांगितली, तशा पट्ट्यांची (उंची × रुंदी) बेरीज म्हणजेच रीमान बेरीज. लाइब्निट्स यांनी २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात ∫ हे चिन्ह वापरलं, ते लॅटिनमधल्या 'सुम्मा' म्हणजे बेरीज या शब्दाचं लांब आद्याक्षर आहे. डीएक्स ही शेपटी म्हणून लावलेली नाही, ती पट्टीची रुंदी आहे. घनफळ, काम, वस्तुमान यांची मांडणी जमत नाही तिथे बहुतेक वेळा अडचण हीच असते, की ∫ म्हणजे नुसतं 'डेरिव्हेटिव्हच्या उलट' एवढंच डोक्यात असतं.

थेट उपयोग होतो असा प्रश्न परीक्षेत येतो: एन अनंताकडे जाताना, के = १ ते एन, एन/(एन^२ + के^२) यांच्या बेरजेची सीमा काढा. एन^२ बाहेर काढून प्रत्येक पद (१/एन) × १/(१ + (के/एन)^२) असं लिहा. १/एन ही पट्टीची रुंदी, के/एन हा एक्स. म्हणून सीमा = ∫ [० ते १] डीएक्स/(१ + एक्स^२) = π/४. आकड्यांनी खात्री करा: एन = ४ ला ४/१७ + ४/२० + ४/२५ + ४/३२, म्हणजे सुमारे ०.७२०. π/४ सुमारे ०.७८५. बेरीज कमी आली, कारण फलन उतरतं आहे आणि आपण पट्टीची उजवी, म्हणजे बुटकी बाजू घेतली. ही लोअर सम झाली.

चढत्या किंवा उतरत्या फलनाला एन समान भाग केले तर अप्पर वजा लोअर = (दोन टोकांच्या किमतींतला फरक) × (रुंदी). एक्स^२ ला ० ते १ वर हे १/एन येतं. फरक ०.०१ पेक्षा कमी हवा तर १०१ भाग पुरतात. हा फरक हवा तितका लहान करता येणं हीच इंटिग्रेबल असण्याची कसोटी. रीमान यांनी व्याख्या १८५४ च्या प्रबंधात मांडली, अप्पर-लोअरची सोपी मांडणी डार्बू यांची, १८७५ ची. परिमेय संख्येला १ आणि अपरिमेयला ० असं फलन घेतलं तर प्रत्येक पट्टीत, ती कितीही बारीक करा, सर्वांत वरची किंमत १ आणि खालची ० राहते. फरक १ वरून हलतच नाही, म्हणून ते इंटिग्रेबल नाही. सिद्धतेच्या प्रश्नात हे उदाहरण आणि चढत्या फलनाचं वरचं गणित, दोन्ही शब्दाशब्दाने लिहिता आली पाहिजेत.

एक गोष्ट राहिली, वरची लिमिट चल असलेली. (डी/डीएक्स) ∫ [० ते एक्स^२] कॉस(टी^२) डीटी. इंटिग्रेशन करायला जाऊ नका, ते प्राथमिक फलनांत होत नाही. मूलभूत प्रमेय आणि साखळी नियम: टीच्या जागी एक्स^२, गुणिले एक्स^२ चा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे २एक्स कॉस(एक्स^४). २एक्स विसरणं ही इथली ठरलेली चूक.

त्रिज्या

रिडक्शन फॉर्म्युल्याबद्दल (घात पायरीपायरीने कमी करणारं सूत्र) एक ओळ. ० ते π/२ वर साइन^६ चं उत्तर (५/६)(३/४)(१/२)(π/२) = ५π/३२ आणि साइन^७ चं (६/७)(४/५)(२/३) = १६/३५. π/२ फक्त सम घाताला. गोंधळलात तर आठवा, की या पट्ट्यात साइन १ पेक्षा मोठा होत नाही, म्हणून घात वाढला की उत्तर घटलंच पाहिजे: ०.४९१ नंतर ०.४५७. साइन^७ ला चुकून π/२ लावला तर ०.७१८ येतं, म्हणजे साइन^६ पेक्षा जास्त, आणि चूक तिथेच पकडली जाते.

अर्धवर्तुळ

घनफळाची तिन्ही गणितं दोन्ही पद्धतींनी करून पाहिली. एक्स = २ भोवती वॉशरने करताना आधी अडखळायला झालं, पण π/२ आलं. आता रोजच्या दीड तासात काय, किती करावं?

शेषपद

पहिले दोन आठवडे नवीन काही नको. भागाकार, पूर्ण वर्ग, पार्शल फ्रॅक्शन्सची फोड, साइन-कॉसचे घात आणि दुप्पट कोनाची सूत्रं, एवढंच. इंटिग्रेशनच्या नावाखाली जाणारे बरेच गुण खरं तर इथे जातात.

पुढचे पाच आठवडे दीड तासाचे दोन भाग करा. पहिली तीस मिनिटं दहा मिसळलेली गणितं, पण फक्त पहिली ओळ लिहायची: काय घेणार आणि का. तीन मिनिटांत सुचलं नाही तर खूण करून पुढे. उरलेला तास त्यातलीच तीन-चार पूर्ण सोडवा, ताळ्यासकट. धड्यामागचा संच सलग सोडवू नका, तिथे पद्धत शीर्षकानेच सांगितलेली असते आणि जी गोष्ट तुम्हाला येत नाही तिचा सरावच होत नाही. उदाहरणं कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवा आणि मिसळा.

शेवटचे तीन आठवडे घनफळ, इम्प्रॉपर, रीमानच्या सिद्धता आणि घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका. व्याख्यानं ऐकायची असतील तर एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर १८.०१ हा एका चलाच्या कलनाचा कोर्स फुकट आहे. पण पेन हातात घेऊनच ऐका.

आज सुरुवातीला ही सहा. फक्त पहिली ओळ इथे लिहा.

१) ∫ एक्स √(एक्स + १) डीएक्स
२) ∫ टॅन-इन्व्हर्स एक्स डीएक्स
३) ∫ (एक्स^२ + १)/(एक्स^२ − १) डीएक्स
४) ∫ साइन^३ एक्स कॉस^२ एक्स डीएक्स
५) ∫ ई^(√एक्स) डीएक्स
६) ∫ डीएक्स/(१ + ई^एक्स)

अर्धवर्तुळ

१) यू = एक्स + १, म्हणजे एक्स = यू − १, मुळाखाली एकच पद राहतं.
२) बाय पार्ट्स, डीव्ही = डीएक्स.
३) आधी भागाकार: १ + २/(एक्स^२ − १), मग पार्शल फ्रॅक्शन्स.
४) यू = साइन एक्स.
५) टी = √एक्स, डीएक्स = २टी डीटी, मग बाय पार्ट्स.
६) हे सुचलं नाही. यू = १ + ई^एक्स घेतलं तर जमेल का?

शेषपद

१, २, ३, ५ बरोबर.

४ मध्ये यू = साइन घेतलं तर डीयू ला एक कॉस लागतो. दोनपैकी एक कॉस त्यात जातो, दुसरा सुटा उरतो, आणि त्याला साइनमध्ये लिहायचं तर वर्गमूळ येतं. ज्याचा घात विषम आहे त्यातला एक सुटा काढायचा: साइन^३ = साइन × (१ − कॉस^२), यू = कॉस एक्स, डीयू = −साइन एक्स डीएक्स. मग −∫ (१ − यू^२) यू^२ डीयू, उत्तर −(कॉस^३ एक्स)/३ + (कॉस^५ एक्स)/५ + सी.

६ तुमच्या सब्स्टिट्यूशनने जमेल. डीएक्स = डीयू/(यू − १), मग १/(यू(यू − १)) ची फोड. छोटा रस्ता म्हणजे अंश-छेदाला ई^(−एक्स) ने गुणणं: ई^(−एक्स)/(ई^(−एक्स) + १), अंश हा छेदाच्या डेरिव्हेटिव्हचा −१ पट, उत्तर −लॉग(१ + ई^(−एक्स)) + सी. तुमच्या रस्त्याने एक्स − लॉग(१ + ई^एक्स) + सी येईल. दोन्ही एकच आहेत का, ते उद्या दाखवा.